इंदरलाल पारख्यांचं बंद तोंड

इंदरलाल टेंभऱ्यांचे समोरचे दात त्यांच्या बायकोनं मुसळानं पाडले, ही बातमी फुलचुरात सकाळी निघाली आणि दुपार व्हायच्या आत गोंदियाच्या वाटेला लागली. बातमी बिनबुडाची नव्हती, तिला साक्षीदार होता. शेजारच्या धुरपतानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की तुलसाबाई अंगणात धान कांडत होत्या, त्यांच्या हातात मुसळ होतं, आणि समोरून इंदरलाल तोंडाला दुपट्टा लावून मुकाट्यानं घरात शिरले. दुपट्ट्यावर रक्त होतं. एवढ्या पुराव्यावर भंडाऱ्याच्या कोर्टातसुद्धा माणूस आत गेला असता. त्या संध्याकाळी पारावरचे पुरुष इंदरलालविषयी हळहळले, आणि विहिरीवरच्या बायकांनी तुलसाबाईंना पाणी भरायला आधी जागा दिली.

खरं एवढंच की मुसळ धानावरच पडत होतं. दात काढले ते गोंदियाच्या डॉक्टर श्यामलालांनी, सुई देऊन, चिमट्यानं, आणि खुद्द इंदरलालच्या संमतीनं. कशासाठी काढले, तर पायाचा अंगठा वाचावा म्हणून. आता हे ऐकल्यावर कोणताही शहाणा माणूस मुसळावरच विश्वास ठेवील. फुलचूर शहाण्यांचं गाव असल्यामुळं तिथं मुसळच चाललं. पण तुलसाबाईंची त्यात फुकट बदनामी झाली (त्यांना ती फारशी खटकली नाही, ही गोष्ट वेगळी), म्हणून अंगठ्याची हकीकत नीट सांगितलेली बरी.

इंदरलाल पोवार. त्यांचे पूर्वज माळव्यातून इकडं आले त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, पण ते ही गोष्ट अशी सांगत की जणू मंडळी परवाच्या गाडीनं उतरली आणि सामान अजून सोडायचं आहे. घरची धानाची शेती होती, खाऊन-पिऊन बेस होतं. मात्र पंचक्रोशीत नाव होतं ते शेतीमुळं नाही. नाव होतं बैलांमुळं. बैल घ्यायचा म्हटलं की लोक आधी इंदरलालना बंडीत बसवत आणि मग बाजाराला जात. त्यांना सगळे पारखी म्हणत.

त्यांची पारखण्याची तऱ्हा ठरलेली होती. आधी बैलाभोवती एक फेरी, हात पाठीमागे. शिंगं, वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, सगळं नुसतं नजरेनं. विकणारा बोलत असतो, त्याला बोलू द्यायचं. मग एकाएकी पुढं व्हायचं, डाव्या हातानं नाकाडं धरायचं, उजव्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्यातून आत सारायची, जीभ एका बाजूला ओढायची आणि तोंडात पाहायचं. दोनदाती, चारदाती, सहादाती, की जुळलेला. दात जुळले म्हणजे बैलाची उमर झाली. त्यापुढं दात झिजणार, हलणार, आणि हलायला लागले की मालकाचं प्रेमही हलायला लागतं. विकणारा सांगो की हा कालचा गोऱ्हा आहे, इंदरलालची बोटं बाहेर आली की त्याचा खरा जन्म ठरायचा. त्यानंतर ते फक्त "घे" किंवा "नोको" म्हणत. तिसरा शब्द त्यांनी कधी खर्च केला नाही.

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे ओठ वर केले, त्यानं स्वतःचा ओठ मात्र कधी वर होऊ दिला नाही. हसू आलं की इंदरलाल दुपट्ट्याचं टोक तोंडावर धरत. लोकांना वाटे, खानदानी माणूस आहे, दात काढून हसत नाही. बोलतानाही ते ओठ फार उघडत नसत, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही गुपित सांगितल्यासारखं वाटे आणि वजनदार ठरे. बाजारात बैल त्यांच्यासमोर मान फिरवत. त्यावरही लोक म्हणत, पाहा, जनावराला कळते, पारखी आला. जनावराला कळत होतं यात शंका नाही. जनावराचं नाक चांगलं असतं.

कारण इंदरलालच्या तोंडात जे चाललं होतं ते फक्त दोघांना माहीत होतं, एक ते स्वतः आणि दुसऱ्या तुलसाबाई. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या. दाबलं की पू यायचा, चूळ भरली की रक्त. समोरचे दात गहू पाखडताना सुपातले खडे हलावेत तसे हलत. यावर इंदरलालचा उपाय होता गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा इकडं घरोघर असतो. सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन हिरड्यांवर घासला की डोकं जाग्यावर येतं, पोट साफ होतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हिरडी बधिर होते. ठणका थांबला म्हणजे रोग गेला, असा इंदरलालचा हिशोब. म्हणून सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मधे कोणी नाव काढलं की एकदा. रक्त येतं त्याचं काय, असं तुलसाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"खराब रगत जाऊन रायलं," ते म्हणाले. "जाऊ दे. आतमंदी ठेवून काय कराचं?"

हे ऐकून तुलसाबाई गप्प बसल्या, कारण त्यांच्याही तोंडात तेव्हा गुडाखूच होता.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, फागुनात, घरच्याच बैलानं इंदरलालच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर खूर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता ठेवला, रागानं नाही. त्याच्या मनात काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचा अंगठा असता तर नख काळं पडून, गळून, होळीपर्यंत गोष्ट विसरली गेली असती. इंदरलालचा अंगठा होळी झाली तरी ओलाच. हळद झाली, तेल झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला. मोहाच्या फुलांचा वास सुटला, लोक पहाटे टोपल्या घेऊन निघाले, तरी पट्टी रोज पिवळीच निघायची. त्यातून इंदरलाल वाळत चालले होते. तहान अशी की तुलसाबाई म्हणत, घरात माणूस आहे, का रांजणाला भोक पडलं? आणि मोरीच्या कडेला मुंगळ्यांची रांग लागली होती. ती का लागली, हे इंदरलालना कळेना. त्यांनी त्याचा दोष धुरपताच्या पोरांवर ठेवला. ती गूळ सांडतात म्हणे.

शेवटी तुलसाबाईंनी आपल्या भावाला बोलावणं धाडलं. झामसिंग हा त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे इंदरलालचा साळा, आणि साळ्याला शोभेल इतका तोंडाळ. त्यानं बंडी जुंपली, भाऊजींना उचलल्यासारखं करून आत बसवलं आणि गोंदियाला डॉक्टर श्यामलालांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर श्यामलाल गोंदियाच्या रिवाजाप्रमाणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत. त्यांनी पट्टी सोडली, अंगठा पाहिला, मान हलवली, आणि इंदरलालच्या हातात बाटली देऊन त्यांना मागच्या बाजूला पाठवलं. बाटली परत आल्यावर त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी तांबडं, विटेसारखं. इंदरलालना हा मंडईच्या जत्रेतल्या जादूगाराचा खेळ वाटला. त्यांनी झामसिंगकडं पाहून डोळा मिचकावला.

"टेंभरेजी, शक्कर है," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या अंगात साखर भरली आहे. रक्त गोड झालं की जखम सुकत नाही. अब मुँह खोलो."

"पाय खाली आहे जी, डॉक्टरसायेब," इंदरलाल म्हणाले.

"माहीत आहे कुठं आहे. तोंड उघडा. वास इथपर्यंत येतो आहे."

इंदरलालनी दुपट्ट्याचं टोक तोंडावर घेतलं. डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. जरा लांबूनच सांगितलं. हिरड्यांत पू असला की तो तिथंच राहत नाही, त्याचं विष रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. तो पू साखर उतरू देत नाही, आणि साखर चढलेली असली की पू हटत नाही. दोघं सख्खे भाऊ आहेत. एकाला घरात ठेवून दुसऱ्याला बाहेर काढता येत नाही. म्हणून भात कमी, गूळ बंद, गुडाखू बंद, सुई घ्यायची, आणि जे दात हलतात ते काढायचे. अंगठा आत्ताच काळा पडू लागला आहे. काळेपणा वर चढला तर नागपूरला न्यावं लागेल, आणि तिथं अंगठा कापतील. अंगठ्यावर थांबले तर नशीब, नाहीतर पाय.

एवढं सगळं ऐकून इंदरलाल उठले. "पायावर पट्टी बांधून द्या," ते म्हणाले. "तोंडाचं आमी पाहून घेऊ."

बंडीत झामसिंगनं विचारलं, "भाऊजी, तोंड उघडाले काय पैसे पडत होते?"

इंदरलालनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. त्यांच्या लेखी तोंड उघडणं म्हणजे काय असतं, हे या पोराला कसं कळावं? त्यांनी हजार बैल पाहिले होते. डोळ्यात तेज, अंगावर चमक, मालक कौतुकानं पाठीवर हात फिरवतो आहे, आणि मग कोणीतरी ओठ वर करून म्हणतो, जुळला. तेवढ्या एका शब्दानं मालकाचा हात पाठीवरून खाली येतो. हलत्या दातांचा बैल बाजारातून पुढं कुठं जातो तेही त्यांना ठाऊक होतं. पारख्याचेच दात हलतात हे एकदा बाजारात गेलं की कोण त्यांना बंडीत बसवील? लोक म्हणतील, इंदरलालचं झालं आता. पाय गेला तर लोक निदान हळहळतील. दात गेले तर हसतील. इंदरलालनी मनातल्या मनात पाय तराजूच्या एका बाजूला ठेवला आणि हसणं दुसऱ्या बाजूला, आणि त्यांना हसणंच जड वाटलं.

घरी तुलसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दिवसभर बैलाच्या तोंडात हात घालता," त्या म्हणाल्या, "अना सोताच्या तोंडात डॉक्टरनं नुसतं पाह्यलं त काय होते? पाय कापल्यावर मीच उचलू ना तुमाले, का ते बैल उचलतीन?"

"दात अना पाय, यायचा काय संबंध?" इंदरलाल म्हणाले. "एक वर, एक खाली. मंदी सारं अंग आहे."

"मंदी सारं अंग आहे म्हनूनच," तुलसाबाई म्हणाल्या. पण हा मुद्दा इंदरलालना पटला नाही. बायकोनं मांडलेला मुद्दा पटण्याचा त्यांच्या घराण्यात माळव्यापासून रिवाज नव्हता.

असे दिवस चालले असताना वैशाखात चैतराम आला. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली त्याची धानाची जमीन होती. नांगराचा एक बैल मेला होता आणि पावसाच्या आत दुसरा हवा होता. पारखी आल्याशिवाय तो बैल घेणार नव्हता. पायाला पट्टी आहे, असं तुलसाबाईंनी सांगून पाहिलं. पण बोलावणं आलं आणि गेलो नाही, असं इंदरलालच्या आयुष्यात झालं नव्हतं. झामसिंगनं बंडी जुंपली. इंदरलालनी पट्टीवर जुनं धोतर गुंडाळलं, काठी घेतली आणि गोंदियाच्या बैलबाजारात असे उतरले की जणू लंगडणं ही एक चालण्याची उमदी तऱ्हा आहे.

बैल होता दरेकशाच्या कवडूचा. पांढरा, उंच, वशिंड भरलेलं. चैतराम पाहताक्षणीच भुलला. फक्त मागच्या डाव्या खुराच्या वर जखम होती, आणि बैल जरा हाडकलेला होता.

"डोंगरात दगड लागला जी," कवडू म्हणाला. "पोळ्यापर्यंत बैल ठनठनीत."

"कधी लागला?" इंदरलालनी विचारलं.

"झाले काही दिवस."

इंदरलालनी फेरी मारली. काठी टेकत मारली, पण मारली. खुराकडं वाकून पाहिलं, नाक जवळ नेलं. मग एकाएकी पुढं होऊन नाकाडं धरलं, बोटं आत सारली, जीभ ओढली. बैलानं या वेळी मान फिरवली नाही. पारख्यांच्या वासात आणि त्याच्या वासात फरक उरला नसावा.

इंदरलालनी बोटं बाहेर काढून चैतरामच्या नाकाशी धरली. "नोको."

एवढं म्हणून ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण चैतरामचा जीव बैलात अडकला होता. "काऊन नोको जी?" तो म्हणाला. "खूर त भरन. दवाई लावू."

अन् पहिल्यांदाच, पांढऱ्या बैलाच्या आणि भोळ्या गिऱ्हाइकाच्या मोहात पडून, इंदरलालनी तिसरा शब्द खर्च केला. तिसराच काय, पुढचे पुष्कळ केले.

"खुराले पाहू नोको," ते म्हणाले. "खुराचा काही दोस नाही. याच्या हिरड्या सडल्या. पू भरला. चारा चावत नाही, म्हनून हाडं दिसून रायले. अना तो पू रोज आत जाते, साऱ्या अंगात फिरते. वर तोंड सडलं असन त खाली खूर कशानं भरन? किती दवाई लाव. आधी तोंडाचं पाहाले पायजे."

झामसिंग बंडीच्या चाकाला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "भाऊजी," त्यानं अगदी गरीब आवाजात विचारलं, "हे तुमी बैलाचं सांगून रायले ना?"

भोवती जमलेल्यांतले दोघे-तिघे हसले. कवडू हसला नाही. त्याचा बैल लोकांसमोर सडका ठरला होता, आणि डोंगरातला माणूस एवढ्यावर गप्प बसत नसतो. त्याची नजर इंदरलालच्या पायावरच्या धोतराकडं गेली.

"पारखीबुवा," तो म्हणाला, "पायाले काय झालं?"

"बैलानं खूर ठेवला."

"कधी ठेवला?"

"झाले काही दिवस," इंदरलालच्या तोंडून गेलं, आणि ते गेल्यावर त्यांना कळलं.

"म्हंजे तुमचा पायही भरून नाही रायला," कवडू म्हणाला. "आता मले सांगा जी. तुमचं तोंड साफ असन, त तोंडाचा अना पायाचा काही संबंध नाही. म्हंजे तुमचा नेम खोटा, अना माझा बैल चांगला. अना नेम खरा असन, त…" त्यानं पुढं बोलायची गरज नव्हती. तो नम्रपणे म्हणाला, "तोंड दाखवा."

बाजारात असं झालं की माणसं कुठून गोळा होतात ते देवालाही कळत नाही. क्षणात मोठं कडं झालं. चैतराम गोंधळून एकदा बैलाकडं आणि एकदा पारख्याकडं पाहत होता, कारण त्याला दोघांपैकी एकाची निवड करायची होती. इंदरलाल मधे उभे होते, दुपट्ट्याचं टोक हातात घेऊन. तोंड न उघडावं, तर जन्मभराची पारख आज इथं, दरेकशाच्या माणसापुढं, खोटी ठरणार. तोंड उघडावं, तर पारख खरी ठरणार आणि पारखी उघडा पडणार. एका बाजूला आब आणि दुसऱ्या बाजूलाही आबच. पाय या हिशोबात कुठं नव्हता, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. अंगठा काळा पडत होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोनं सुनावलं होतं, पण त्यानं त्यांचे ओठ उघडले नव्हते. त्यांचा शब्द खोटा पडायची वेळ आली तेव्हा कुठं ते उघडायची वेळ आली.

त्यांनी दुपट्टा खाली घेतला. "चैतराम," ते म्हणाले, "इकडं ये. हात धुतले काय? बोटं कोपऱ्यातून घाल. समोरून नोको घालू, समोरचे हलून रायले."

चैतराम बिचारा पुढं आला. त्यानं मोठ्या माणसाच्या तोंडात बोटं घातली, ओठ वर केला, आणि पटकन बाहेर काढून धोतराला पुसली. त्याचा चेहरा पाहूनच कड्यातल्या लोकांना निकाल कळला.

"काय आहे, सांग," इंदरलाल म्हणाले. "मोठ्यानं सांग."

"बैलासारखंच आहे जी," चैतराम म्हणाला.

"मंग बैल?"

"नोको."

कवडूनं बैलाचा कासरा आवळला आणि पाठ फिरवली. इंदरलालनी आजूबाजूला पाहिलं. हसणार म्हणून ज्यांना ते इतकी वर्षं भ्याले होते त्यांपैकी काही खरोखरच हसत होते, काही नाकाला कापड लावून होते. तरी बैल विकला गेला नव्हता. नेम खरा ठरला होता.

बंडीत बसल्यावर झामसिंगनं बैल घराकडं वळवले नाहीत. "भाऊजी, दवाखान्यात?" एवढंच विचारलं.

"चाल," इंदरलाल म्हणाले. "आता काय लपवाचं? गोंदियातल्या पोट्ट्यानंही माझ्या हिरड्या पाह्यल्या असतीन."

डॉक्टर श्यामलालांनी एकदम चिमटा हातात घेतला नाही. आधी पेनिसिलिनच्या सुया, साखरेची सुई, आणि भाताच्या जागी भाकर, ताटात पालेभाजी. धानाच्या घरात माणसाला भात नाही म्हणणं म्हणजे मासोळीला कोरड्यावर राहा म्हणण्यासारखं. इंदरलाल दोन वेळा रुसले, एकदा शेजारी जेवून आले. धुरपतानं वाढलंही आणि लगेच तुलसाबाईंना सांगितलंही. अंगातली साखर जरा उतरली तेव्हा डॉक्टरांनी एकेक करून हलते दात काढायला सुरुवात केली, आणि उरलेल्यांच्या मुळांशी साचलेली कीट खरवडून काढली. ती पाहून इंदरलाल म्हणाले, एवढी माती त माझ्या बांधावर नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा सकाळ-संध्याकाळ. गुडाखूची डबी तुलसाबाईंनी काढून घेतली, पण फेकून दिली नाही. जिनस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती स्वतः संपवली. डॉक्टरांनी त्यांनाही सोडा म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, माझ्या पायाला काय झालं आहे?

मुसळाची बातमी उठली ती याच दिवसांत. इंदरलालच्या कानावर ती गेली. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही म्हटलं. बायकोनं दात पाडले ही गोष्ट त्यांना बाजारात झाल्या गोष्टीपेक्षा सुसह्य वाटली असावी.

रोवणी लागायच्या आत अंगठा कोरडा झाला. एका बाजूनं लालसर नवी कातडी आली, काळेपणा नखाबरोबर गळून पडला. चिखलात उतरायला डॉक्टरांनी बंदी केली, म्हणून त्या वर्षी इंदरलालनी बांधावर बसून रोवणाऱ्या बायांना सल्ले दिले. त्यापेक्षा चिखलात उतरले असते तर बरं, असं बायांचं मत पडलं. अंगठा कशानं बरा झाला यावर फुलचुरात बरेच दिवस वाद चालला. धुरपता म्हणे, तिनं सांगितलेल्या कडुलिंबानं. झामसिंग म्हणे, त्याच्या बंडीनं. डॉक्टर म्हणत, साखर उतरली आणि हिरड्या निवल्या, दोन्ही मिळून. इंदरलालना कोणी विचारलं तर ते म्हणत, बैल चांगल्या घरचा होता, त्याचा खूर नडत नाही. अंगावर मात्र मांस चढलं, तहान गेली. मोरीच्या कडेला मुंगळे दिसेनासे झाले, आणि धुरपताच्या पोरांवरचा आरोप कोणी मागे घेतला नाही तरी ती निर्दोष सुटली.

दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, इंदरलाल पुन्हा बाजारात गेले. या वेळी बंडीत न बसता, फुलचुरापासून पायी गेले. चैतराम बरोबर होता, हंगाम त्यानं उसन्या बैलावर काढला होता आणि जोडीचा दुसरा बैल त्याला अजून हवाच होता. बाजारात लोकांनी रामराम घातला. आधीपेक्षा जास्त जणांनी घातला, कारण पारख्यांच्या तोंडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारे आता त्या दिवशी बाजारात हजर असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त झाले होते. इंदरलालनी एका सहादाती बैलाचा ओठ वर केला. बैलानं मान फिरवली नाही. ते हसले, आणि दुपट्टा खांद्यावरच राहिला. समोर मोठी खिंड दिसली.

दरेकशाचा कवडू एका नव्या गोऱ्ह्याचा कासरा धरून पलीकडंच उभा होता. वैशाखातला सल अजून गेला नव्हता. त्यानं चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली.

"पारखीबुवा, आमच्याकडं दात पडलेला बोखा बैल बाजारात आनत नाही जी. घरीच बांधून ठेवते. तुमाले कोन आनलं?"

इंदरलालनी सहादातीच्या तोंडातून बोटं काढली, धोतराला पुसली आणि म्हणाले,

"बाजाराले मी पायानं येतो, कवडू. दातानं नाही येत."